मान खाली घालून

११ जानेवारी

चि. टिकटिक,

पुढे आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. पण ते देण्याचा माझा अधिकार नऊ वर्षांपूर्वी संपला असं तुझं मत असणार, म्हणून 'चि.'वरच थांबतो. चिरंजीव राहायला माझी परवानगी लागत नाही.

पत्राचं कारण घड्याळ. आईचं, जेवणाच्या खोलीतलं, लंबकाचं. तू आठ वर्षांची असताना ज्याचं पोट उघडून बसली होतीस आणि ज्याच्यामुळे तुला हे नाव पडलं, तेच. गेल्या महिन्यात भिंतीला रंग दिला तेव्हा मीच ते उतरवलं आणि मीच पुन्हा टांगलं. तेव्हापासून लंगडतं. एक टिक झाली की दुसरी जरा उशिरा येते, जणू एक पाय आखूड आहे. दोन-तीन तास चालतं आणि उभं राहतं. इथल्या घड्याळवाल्याला विचारलं तर म्हणाला, "सर, असलं हल्ली कोण वापरतं?" मी म्हटलं, "शाळा मला वापरते तोवर मी त्याला वापरीन."

तू आता दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करून पोट भरतेस, तेव्हा म्हटलं घरच्या रोग्याचं लक्षण कळवावं. बाकी विशेष काही नाही.

तुझा पत्ता मावशीने दिला. सोबत फोटोही पाठवला. दुकानाच्या दारात उभी आहेस, मागे भिंतभर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. फोटोच्या पाठीवर मावशीचं भाष्य आहे: 'बघ, आजोबांचा रुबाब पोरीत जसाच्या तसा उतरलाय. नाक कसं वर.'

रुबाबाचं म्हणशील तर माझ्यातही उतरलाय. वर्गात पोरं मला 'उंट' म्हणतात. मान वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि डबा खायला बसलो की मधली सुट्टी संपली तरी तोंड चालूच. बहुव्रीही शिकवताना 'उष्ट्रमुखः', उंटाच्या तोंडाचा, हे उदाहरण फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकांवर खोकल्याची साथ येते. आता समास त्यांना एका दिवसात समजतो, त्यामुळे तक्रार नाही.

घड्याळाचं काय ते कळव.

तुझा
(कोण, ते तू ठरव)

ता. क. तुला जेवायला किती वेळ लागतो? सहज विचारलं.


२ फेब्रुवारी

चि. टिकटिक,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. टपालखात्यावर संशय घ्यायचा मोह होतो, पण ते बिचारे निर्दोष असावेत.

मागच्या पत्रात मी एक लपवलं. म्हणजे बरंच लपवलं, पण एकेक करून काढतो. माझं वजन वर्षभरात नऊ किलो उतरलं. आरशातला माणूस आधी बरा वाटत होता, मग ओळखेनासा झाला. घास घशाशी येऊन विचार करत थांबतो. डॉक्टरांनी पापण्या उचलून पाहिल्या, रक्त काढलं, आणि महिनाभराने सांगितलं की स्नायू झिजण्याचा आजार आहे. हळूहळू जाणारा. आधी पापण्या, मग घसा, मग पुढे हातपाय. औषध नाही. "खाणं मात्र सांभाळा," म्हणाले आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तिथे खायलाही शिकवतात आणि गिळायलाही.

बाई म्हणजे माझीच विद्यार्थिनी निघाली. "सर, ओळखलंत? तुम्ही मला 'अव्यय' म्हणायचात." ओळखलं. कुठलीही विभक्ती लावा, पोरीत बदल म्हणून होत नसे. संस्कृतात दोनदा नापास झाली आणि आता मला पोटापाण्याचा धडा द्यायला बसली होती. दैवगती म्हणतात ती अशी.

"दिवसभरात काय खाता?"

"ताटात असेल ते."

"आणि ताटात उरतं किती?"

मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. तिने लिहून घेतलं. मग पेल्यात पाणी देऊन म्हणाली, "प्या बघू." मी नेहमीसारखा मान मागे टाकून घोट घेतला आणि ठसका लागून टेबलावरच्या कागदांवर उडवला.

"मान वर का करता?"

"नळ सरळ असला की पाणी नीट उतरतं."

"नळाला एकच भोक असतं, सर. घशात शेजारीच श्वासाचं दार आहे. तुमच्या घशात ढकलायचं बळ कमी, त्यात मान वर केलीत की ते दार उघडंच राहतं. अन्न तिकडे जातं, छातीत." मग तिने माझ्या हनुवटीकडे बोट दाखवलं. "घोट तोंडात धरा. हनुवटी छातीकडे आणा. असं. मान खाली घाला, सर. मान खाली घालूनच जेवायचं आता."

टिकटिके, मी उठून निघून आलो. त्या रविवारी तू उठलीस तसाच. फरक एवढाच की तू ताट ठेवून गेलीस आणि मी दवाखान्याचा पेला हातात घेऊनच गेलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं.

त्या रविवारचं माझं वाक्य तुला पाठ असणार. मी विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. आई तासभर तोच घास घोळवत होती, मी वैतागून म्हटलं, "आई, रवंथ झालं का?" आणि तू माझ्याकडे सरळ बघत म्हणालीस, "ती रुसलेली नाही, दादा, तिला गिळता येत नाहीये. डॉक्टरकडे ने. तू तिला उपाशी मारतोयस." त्यावर मी म्हटलं, "या घरात जेवायचं असेल तर मान खाली घालून जेव."

पेला परत द्यायला म्हणून आठवड्याने पुन्हा गेलो. अव्ययने काही विचारलं नाही. पेला घेतला, धुतला, त्यातच पाणी भरून पुढे केलं.

आता मी दिवसातून सहा वेळा जेवतो, चिमणीएवढं. मोठं जेवण सकाळी, कारण संध्याकाळपर्यंत जबडा दमतो. कोरडा पाव बंद, भुगा होणारं बंद, आणि पातळ रश्यात तुकडे तरंगत असतील तर तेही बंद. तोंडाला एका वेळी दोन कामं जमत नाहीत. सगळ्यांत अवघड पदार्थ कोणता ठरला, माहीत आहे? पाणी. त्यात पूड घालून खळीसारखं करून प्यायचं. जेवल्यावर अर्धा तास ताठ बसायचं. जेवताना हसायचं नाही आणि बोलायचं नाही.

एकट्याने जेवायचं नाही असाही नियम आहे, ठसका लागला तर पाठीशी कुणी हवं म्हणून. त्यासाठी खालच्या मजल्यावरचा न्हावी समोर येऊन बसतो. गावभरच्या डोक्यांची खबर सांगतो आणि मी खाली बघून चमचा चालवतो. परवा म्हणाला, "सर, तुम्ही ऐकता फार छान." चौपन्न वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी म्हटलं.

अव्ययने एक कागद दिला, वजन परत कसं आणायचं त्याचा. त्यावर सगळ्यांत वर लिहिलंय: उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात लोणी, अंड्याचा मऊ बलक आणि गरम दूध, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतपत घट्ट. मी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही, सर. लोकांच्या घरातलं. कुणीतरी आपल्या माणसाकडे नीट बघत असतं, त्याला आपोआप सापडतं."

आमच्याही घरी एकीला सापडलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. तू ते पिवळ्या कपात घालून आईला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या भरवायचीस, माझ्या चोरून. मला सापडलं तेव्हा मी त्याला 'दात न आलेल्यांचा खाऊ' म्हणालो आणि कप मोरीत उपडा केला.

पिवळा कप अजून आहे. कान तुटलाय.

घड्याळ अजून लंगडतंय.

उंट


१९ फेब्रुवारी

चि. टिकटिक,

या पत्रात विनोद कमी सापडतील. असतील तेही काढून टाकायचे होते, पण सवय जात नाही.

मावशीने पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. कपाळाला आठ्या आहेत, भुवया वर ओढलेल्या आहेत, मान मागे आहे, आणि पापण्या बुबुळांच्या मध्यावर आल्या आहेत. मावशीला त्यात रुबाब दिसला. आपल्या घरात सगळ्यांना सगळ्यांत तोच दिसत आला. बैठकीतला आजोबांचा फोटो आठव: मान वर, नजर खाली, जगाला तुच्छ लेखणारा माणूस. 'तुमच्या घराण्याचं नाकच वर,' असं बाबा आईला आयुष्यभर ऐकवत आले, आणि बाबांच्या माघारी ते काम मी हाती घेतलं. आजोबा शेवटी 'अन्नावरून उठले' असं सांगतात. मानी माणूस, कुणाच्या हातचं खाईना. आपण सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

तो मान नव्हता. ती मान होती. पापणी उचलली जात नाही, म्हणून समोरचं दिसायला मान मागे करावी लागते. एवढंच. तीन पिढ्या आम्ही एका रोगाला स्वभाव समजत आलो, आणि मी तर व्याकरण शिकलेला.

हा आजार रक्तातून उतरतो. आजोबांकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "दोन मुलं असतील आणि एकाला झाला असेल तर दुसरा सुटला ना?" ते म्हणाले, "नाही सर, प्रत्येक वेळी नाणं नव्यानेच उडतं."

म्हणून हा सगळा पत्रव्यवहार. घड्याळ खरोखर बंद पडतं, पण त्यासाठी मी तुला लिहिलं नसतं.

आता ते सांगतो, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तुला कळवलं होतं की आईला ताप आला, निमोनिया झाला आणि झोपेत शांतपणे गेली. त्यातले ताप आणि निमोनिया खरे.

तू गेल्यावर दोन दिवस ती जेवली नाही. तुझ्यासाठी रुसली आहे असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी सकाळी मला शाळेची घाई होती. भाजलेला पाव आणि चहा घेऊन तिच्यासमोर बसलो. तिने पावाचा तुकडा तोंडात घेतला आणि खाली बघत राहिली. खाली बघत राहिली, टिकटिके. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिने शोधून काढलं होतं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघ. वर बघ," आणि दोन बोटांनी तिची हनुवटी वर केली, आणि चहाचा कप ओठांना लावला. "पटकन घोट घे, म्हणजे उतरेल."

ती खूप वेळ खोकली. मग थांबली. मी शाळेत गेलो. संध्याकाळी तिचं अंग तापलं होतं.

पाच दिवस होती. चौथ्या दिवशी तिने काहीतरी सांगितलं. तिचे शब्द तेव्हा नाकातून यायचे, अस्पष्ट. मला कळले नाहीत असं मी त्या क्षणी ठरवलं. ङ, ञ, ण, न, म, पोरांकडून घोकून घेण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. नाकातले उच्चार मला कळत नाहीत हे कुणाला सांगू? ती म्हणाली होती, "तिला बोलव." दोनदा म्हणाली. मी पांघरूण सारखं केलं. तू आलीस तर पहिल्या मिनिटात विचारशील की काय भरवलंस, याची मला भीती होती.

तुला फोन केला तो सगळं उरकल्यावर.

पुढच्या चार ओळी खोडल्या आहेत. त्यात काय होतं ते विचारू नकोस, तुला अंदाज येईल.

तुझ्याकडे आता एक काम आहे. माझ्यासाठी करू नकोस, हवं तर माझा राग काढायला कर. थंड पाणी घे, औषधाच्या मापाने ऐंशी मिलिलिटर. ताठ बस. शेजारी कुणाला तरी बसव, आणि ठसका लागला तर लगेच सोडून दे. सेकंद मोजायचं घड्याळ तुझ्याकडे आहेच, माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं. पाणी न थांबता पिऊन किती सेकंदांत संपतं ते बघ. सातच्या आत संपलं तर मी एक चक्रम म्हातारा होत चाललेला माणूस, आणि हे पत्र फाडून टाक. माझे एकोणीस झाले.

फक्त आकडा कळव. बाकी काही लिहू नकोस.

लिहिणारा


१६ मार्च

चि. टिकटिक,

तुझं कार्ड आलं. न्हाव्याने वर आणून दिलं. मी जेवत होतो, म्हणून त्याने नियमाप्रमाणे अर्धा तास माझं ताठ बसणं संपेपर्यंत ते स्वतःच्या खिशात ठेवलं. वाचलं मात्र आधीच असावं, कारण त्या दिवशी त्याने एकही खबर सांगितली नाही.

'लंगडतं म्हणजे तिरकं टांगलंय. खालचं टोक जरा जरा डावीकडे सरकव, दोन्ही टिक सारख्या ऐकू येईपर्यंत. अकरा.'

नऊ वर्षांनी एवढंच. सूत्रकारांनासुद्धा यातली अर्धी मात्रा काढता आली नसती. वर नाव नाही, खाली सही नाही. 'अकरा'चा शेवटचा काना जरा घसरलाय.

आधी घड्याळाकडे गेलो. दुसरं काही सुचेना. स्टुलावर न्हाव्याने चढायचं आणि खालून मी ऐकायचं असं ठरलं. मी डोळे मिटून घेतले. डोळ्यांनीच ते टांगलं होतं आणि मला ते सरळ दिसत होतं. "अजून. अजून थोडं. थांब." दोन्ही टिक सारख्या झाल्या तेव्हा डोळे उघडले, तर घड्याळ मला तिरकं दिसायला लागलं होतं. दिसू दे. आठवडा झाला, थांबलेलं नाही.

मग अकरा.

मला ते सात हवं होतं. सहा हवं होतं. तू मला वेडा ठरवून पत्र फाडलं असतंस तर मी न्हाव्याला टपरीवर नेऊन पातळ चहा पाजला असता, मला मनाई असलेला. कार्ड घेऊन अव्ययकडे गेलो. तिने पाहिलं आणि म्हणाली, "अकरा म्हणजे सुरुवात आहे, सर. तुम्ही एकोणीसवर आलात, आणि तुमच्या आई बहुधा त्याच्याही पुढे होत्या. यांना वेळ आहे. यांचं वजन उतरायच्या आधी कळलंय." आजार जाणार नाही, हे तिने पुन्हा सांगितलं, ती अजूनही कुठल्याच विभक्तीत बदलत नाही. पण आई ज्याने गेली ते टाळता येतं. पापण्या टाका घालून वर उचलता येतात. भिंग डोळ्याला लावून बसायचं तुझं काम, तेव्हा हे आधी विचार. तुझ्या गावातल्या मोठ्या दवाखान्याचं नाव आणि काय सांगायचं ते तिने लिहून दिलंय, सोबत जोडतो. तिचं अक्षर अजूनही तसंच आहे, पण तू घड्याळाच्या आतलं वाचतेस, हेही वाचशील.

बटाट्याची कृती मी लिहीत नाही. ती तुझीच आहे. फक्त लोणी वाढव.

मागच्या पत्राबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मीच म्हटलं होतं, बाकी काही लिहू नकोस. तू माझं ऐकल्याची ही पहिलीच वेळ, आणि नेमकी हीच.

मी एक विचारायचं टाळतोय. पाणी पिताना शेजारी कुणाला तरी बसव असं लिहिलं होतं. तू कुणाला बसवलंस? मावशी म्हणते, दुकानाच्या मागच्या खोलीत एकटीच राहते, एकटीच जेवते. भिंतभर घड्याळं ठसका लागल्यावर पाठ चोळत नाहीत.

एप्रिलअखेर शाळेला सुट्टी लागेल. तू 'ये' लिहिलंस तर येईन. पुढे काही लिहायची गरज नाही, 'ये' हे दोन रेघांचं अक्षर आहे. नाही लिहिलंस तर इथेच राहीन आणि कारण विचारणार नाही. आलो तर तुझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसेन. बोलणार नाही, मला मनाई आहे. तुलाही आता असेल. तू मला काही ऐकवायचं ठरवलंस तर जेवण झाल्यावर अर्धा तास ताठ बसायचं असतं, तो वेळ तुझा. पिवळा कप घेऊन येईन. कान तुटलाय, पण दोन्ही हातांनी धरता येतो.

तोवर एकच. लहान घास घे. दोनदा गिळ. आणि जे वाक्य मी तुला त्या रविवारी बोललो (तेव्हा तू ऐकलं नाहीस हे फार बरं केलंस) ते आता ऐक, टिकटिके. या घरात, त्या घरात, कुठेही असशील तिथे.

मान खाली घालून जेव.

दादा